डाख देण्याचे साहित्य : काय घ्यावे, काय टाळावे

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून थोरांची चरित्रे सांगावीत, संस्थेच्या कार्याचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ते काम आमच्याहून अधिकारी मंडळींनी काल उत्तम प्रकारे केले. आमच्या वाट्याला आलेला विषय अगदी लहान आहे. आपल्या न्यासाच्या छंदवर्गात मुले दर रविवारी विजेची खेळणी, छोटे रेडिओ, दिव्यांच्या माळा असे काही ना काही जुळवीत बसतात. त्यांच्यासाठी डाख देण्याचे, म्हणजे हल्लीच्या भाषेत सोल्डरिंगचे, साहित्य नव्याने घ्यावयाचे होते. एका सभासदाने त्यासाठी देणगी दिली आणि निवड कार्यकारी मंडळाने आमच्यावर सोपविली. दुसऱ्याचा पैसा खर्च करावयाचा म्हणजे हिशेब तर द्यावयास हवाच. पण काय घेतले याबरोबर का घेतले हेही सांगावे, म्हणजे घरी मुलाने हट्ट धरला तर आपणांसही उपयोग होईल, या हेतूने आम्ही उभे राहिलो आहोत.

आणखी एक कारण आहे. गेल्या पावसाळ्यात वर्ग सुटताना एक माउली दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, त्या तारेत शिसे असते म्हणे. पोरे तेच हात घेऊन खायला बसतात. काही होत नाही ना?" आम्ही छत्री उघडता उघडता "काही होत नाही हो" असे म्हणून मोकळे झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते उत्तर आमचे आम्हालाच पटेना. जन्मभर या कामात हात काळे केले, पण हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता. त्याचे नीट उत्तर त्या बाईंना देणे लागतो. ते आज देऊ. मात्र साहित्याच्या ओघातच येईल, कारण त्यावाचून निवड पुरी होत नाही.

प्रथम डाख म्हणजे काय हे पाहू. ही विद्या आपल्याला परकी नाही. आपल्या लहानपणी दारात कल्हईवाला येऊन बसे. भाता, निखारे, कथिलाची कांडी आणि नवसागराची पूड. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठे, आणि मग कापसाच्या बोळ्याने कथील असे पसरे की आत चांदण्याचा सडा पडला असे वाटावे. आपल्या गावातील शेट मंडळी फुंकणीने ज्योत वाकवून, टाकणखार लावून बांगडीचा तुटलेला सांधा जोडीत असत, अजूनही जोडतात. तिन्ही कामांचे मर्म एकच. धातू स्वच्छ पाहिजे, तापलेला पाहिजे, आणि तापत असताना त्यावर हवेचा गंज चढू न देणारे काहीतरी त्याच्या अंगाला लावलेले पाहिजे. कल्हईला नवसागर, सोन्याला टाकणखार, आणि आपल्या विजेच्या कामाला राळ.

पुष्कळांची अशी समजूत असते की डाख हा डिंकासारखा आहे; दोन तारांवर थेंब टाकला की चिकटला. तसे नाही. वितळलेले कथील तांब्याला भिडले की दोहोंच्या सीमेवर तांबे व कथील यांचा अतिशय पातळ असा मिश्र थर तयार होतो आणि त्या थरावर सांधा उभा राहतो. तांबे थंड असेल किंवा मळलेले असेल तर तो थर होतच नाही. वरून गोळा दिसतो, आत काही नाही. असा सांधा आज चालतो, उद्या बंद पडतो, टिचकी मारली की पुन्हा चालतो. घरचा रेडिओ थापट मारल्यावर सुरू होतो असे आपण हसून सांगतो, त्याचे कारण बहुतेक वेळा असा एखादा थंड सांधा हेच असते.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या पेडणे महालाच्या वर, घाटमाथ्यावर आंबोली आहे. तेथील रानातून 25 नोव्हेंबर 1955 रोजी गोवामुक्तीच्या गुप्त नभोवाणीने बोलावयास सुरुवात केली. श्री. वामन सरदेसाई आणि श्रीमती लिबिया लोबो यांनी पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून ती 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालविली. लिबियाबाईंना शंभरी गाठल्यावर, 2025 साली, पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तरुण पिढीला त्यांचे नाव कळले. आंबोलीचा पाऊस आपणांस माहीत आहे. तशा ओलीत सहा वर्षे प्रक्षेपणाचे यंत्र बोलते ठेवावयाचे म्हणजे त्यातील प्रत्येक सांध्याने साथ द्यावयास हवी. आम्ही मुलांना हे सांगतो ते देशभक्तीचा धडा म्हणून नव्हे; सांधा ही केवढी कामाची वस्तू आहे हे त्यांना कळावे म्हणून.

आता आमची स्वतःची एक फजिती सांगतो. त्या काळी आम्ही मुंबईस एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करीत होतो आणि जत्रेसाठी गावी आलो होतो. चोपडें-शिवोली पूल तेव्हा व्हावयाचा होता. फेरीबोटीतून पेटी डोक्यावर घेऊन उतरलो. रात्री दशावतार. संध्याकाळी लाउडस्पीकरवाल्याच्या माइकची तार प्लगापाशी सुटलेली निघाली. आमच्याजवळ आयर्न होते, डाखाची तारही होती; पण तार जुनी, काळी पडलेली, डाख काही केल्या धरीना. शेजारी डबे झाळणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे मिठाच्या तेजाबात जस्त विरघळवून केलेले पाणी असे. त्यातले दोन थेंब आम्ही मागून घेतले. काय सांगावे! डाख लोण्यासारखा पसरला, सांधा आरशासारखा चमकला, माइक खणखणीत बोलला, आणि मंडळींनी आमची पाठ थोपटली. "मुंबईत शिकलेला हात तो!" वगैरे.

पुढच्या वर्षी त्याच रात्री, त्याच माइकवर, गणपती झाला, सरस्वती झाली, आणि संकासुराने रंगभूमीवर पाऊल टाकून पहिला शब्द उच्चारला न उच्चारला तोच माइक मुका झाला. प्लग उघडून पाहतो तो आत हिरवा चुरा. पावसाळाभर त्या क्षाराने ओल ओढून घेतली आणि तांबे खाऊन टाकले. दोष त्या गृहस्थांचा नव्हता. त्यांचे पाणी पत्र्याच्या डब्यासाठी होते. काम झाल्यावर ते डबा धुऊन टाकीत. आम्ही धुतला नाही, आणि बारीक तारांच्या पिळात शिरलेले ते पाणी धुऊन निघतही नाही.

म्हणून खरेदीचा पहिला नियम आम्ही आयर्नापासून सुरू करीत नाही, तर राळेपासून करतो. विजेच्या कामाला राळेचाच फ्लक्स घ्यावा. नळवाल्याच्या, पत्रेवाल्याच्या दुकानात मिळणारी आम्लयुक्त पेस्ट कितीही स्वस्त असो व कितीही छान काम करो, ती विजेच्या टेबलावर येऊ देऊ नये. राळ ही चीडाच्या झाडाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर उरते. गार असताना ती निरुपद्रवी काचेसारखी बसून राहते आणि तापली म्हणजेच कामाला लागते; तिची सगळी खुबी यातच आहे. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याचा आणि चार महिने ओलीचा मुलूख. पुण्याला किंवा नागपूरला खपून जाईल अशी चूक पार्शात पहिल्याच श्रावणात उघडी पडते.

आता आयर्न. याच बाबतीत आपल्या वर्गाची मागील खेपेस फसगत झाली, आणि तिचा दोष आमच्याकडेच येतो. पैसे थोडे, मुले बारा. तेव्हा आम्ही एका पेटीत सर्व काही असलेले, दिसावयास झगझगीत असे स्वस्तातले बारा संच मागविले. आयर्न, स्टँड, पाच टोके, चिमटा, डाखाची लहान नळी, सगळे. महिन्याच्या आत निम्म्या आयर्नांची टोके काळी ठिक्कर पडली. डाख त्यांना शिवेना. थेंब मोत्यासारखा घरंगळून खाली पडे. मुले अर्धा अर्धा मिनिट आयर्न दाबून धरीत, आणि पाटीवरची तांब्याची रेघ सोलून वर येई.

एक मुलगी होती. नाव सांगत नाही. बोटांनी इतकी नाजूक की तिच्या हातची रांगोळी पाहावी. ती एके दिवशी आयर्न ठेवून म्हणाली, "काका, हे काम माझ्या हाताला जमणारे नाही," आणि पुढच्या रविवारपासून यावयाची बंद झाली. आम्हीही मनात म्हटले, असेल, प्रत्येकाला प्रत्येक विद्या येते असे नाही. दोन महिन्यांनी कपाट आवरताना तिचे आयर्न आम्ही स्वतः हाती घेतले, आणि आमच्याच्यानेही एक सांधा धड होईना! मंडळी, वाईट हत्यार मोठ्या माणसाच्या हाती आले तर तो हत्याराला शिव्या देतो; मुलाच्या हाती आले तर ते स्वतःला दोष देते. त्या मुलीच्या घरी आम्ही गेलो, झाले ते सांगितले. ती परत आली. पण आमच्या लक्षात न आलेल्या अशा आणखी किती जणांनी मुकाट्याने पाठ फिरविली असेल, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

असो. आयर्न निवडताना लोक प्रथम वॉट विचारतात. वॉट म्हणजे उष्णता किती वेगाने येते ते; टोक किती तापेल ते नव्हे. साधे 25 वॉटचे आयर्न प्लगात लावून तसेच ठेवले तर ते तापतच जाते, 350 अंशांच्याही वर जाते, आणि टोकावरचे कथील जळून काळे होते. उलट तेच आयर्न जाड तारेला लावले की थंड पडते. तापमान स्वतः सांभाळणारे आयर्न या दोन्ही संकटांतून वाचविते. टोक थंड पडले की आतली वीज जोराने येते, तापले की थांबते. पूर्वी वेलर कंपनीने यासाठी एक मजेदार युक्ती केली होती. टोकाच्या मागे एक विशिष्ट धातूचा तुकडा बसविलेला असे. ठराविक उष्णतेला तो आपला लोहचुंबकीय गुण गमावतो, त्यामुळे आतला लोहचुंबक सुटतो आणि वीज तुटते. थंड झाला की पुन्हा ओढला जातो. टोकावर 7 चा आकडा असेल तर 700 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 370 अंश सेल्सिअस. दर थोड्या वेळाने टक्-टक् आवाज येई. आम्ही मुंबईस असताना धन्याच्या टेबलावर असे एक आयर्न होते, आणि त्याला हात लावण्याची परवानगी मिळावयास आम्हाला तीन वर्षे लागली. आता हेच काम लहानशा इलेक्ट्रॉनिक मंडलाने होते आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहे.

म्हणून यावेळी आम्ही बारांऐवजी सहाच आयर्न घेतली, पण तापमान सांभाळणारी. दोन मुलांत एक. एकजण डाख देईल, दुसरा पाटी धरील व पाहील, मग अदलाबदल. पाहणाराही शिकतो, किंबहुना दुसऱ्याची चूक त्यालाच अगोदर दिसते. ज्यांना घरी मुलासाठी घ्यावयाचे आहे व एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी साधे 25 वॉटचे, चांगल्या देशी कंपनीचे, सुटे टोक गावात मिळेल असे आयर्न घ्यावे आणि काम नसेल तेव्हा बटण बंद करण्याची सवय मुलाला लावावी. त्यात काही कमीपणा नाही. आम्ही त्यावरच पोट भरले. फक्त पाच टोकांच्या झगझगीत पेटीला भुलू नये.

प्लग तीन पिनांचा हवा, आणि घरच्या बोर्डाला अर्थिंग खरोखर आहे ना हे वायरमनकडून तपासून घ्यावे. वायर मऊ असावी. ताठ वायरीचे आयर्न स्टँडवरून आपोआप वळून मांडीवर येते. टोकाविषयी एकच सांगतो. मुलांना सुईसारखे टोक आवडते, बारीक काम होईल असे वाटते. पण सुईच्या अग्रातून उष्णता जातच नाही. दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचे, छिन्नीसारखे चपटे टोक घ्यावे. शेकडा नव्वद काम त्याने होते. आणि आमच्या पिढीच्या मंडळींना एक विनंती : नव्या टोकाला कानस लावू नका. आपण तांब्याचे टोक घासून चकचकीत करीत असू ते दिवस गेले. आता तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. एकदा तो कापला गेला की कथील आतले तांबे खाऊन टोक पोकळ करते. ओल्या स्पंजावर किंवा पितळेच्या किसावर टेकवून पुसावे, आणि आयर्न बंद करण्यापूर्वी टोकावर डाखाचा ताजा थेंब ठेवून मगच थंड होऊ द्यावे. एवढे केले तर टोक कित्येक वर्षे जाते.

आता डाखाची तार, आणि त्या माउलीचा प्रश्न.

शुद्ध कथील 232 अंशांना वितळते, शिसे सुमारे 327 अंशांना. पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसे एकत्र केले की मिश्रण 183 अंशांनाच पाण्यासारखे पातळ होते, आणि थंड होतानाही मधल्या चिखलासारख्या अवस्थेत न रेंगाळता एकदम घट्ट होते. हात थोडा हलला तरी सांधा बिघडत नाही. बाजारात अधिक मिळते ती 60-40 ची तार; तीही जवळजवळ तितकीच चांगली. गोम अशी की कथील महाग आणि शिसे स्वस्त, म्हणून काही रिळांवर 60-40 लिहिलेले असते आणि आत कथील त्याहून कमी असते. अशी तार ओळखावयाची खूण म्हणजे ती थिजावयास वेळ लावते आणि मळकट, दाणेदार दिसते. प्रथम लहान रीळ घेऊन पाहावे, मग मोठे घ्यावे. जाडी 22 गेज, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटरला थोडी कमी, ही बहुतेक कामांना पुरते. तारेच्या पोटात राळ भरलेली असावी हे निराळे सांगावयास नको.

तारेचे हे गुण आम्हाला पाठ होते. शिशाचे अवगुण मात्र त्या रात्रीनंतर वाचावयास बसलो. शिसे शरीरात साठते, आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला ते मोठ्यांपेक्षा अधिक बाधते. मुलांना अमुक इतके शिसे गेले तरी चालेल अशी सुरक्षित मर्यादा माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. युरोपातील देशांनी 1 जुलै 2006 पासून बहुतेक विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले. आपल्या सरकारनेही ई-कचऱ्याच्या नियमांत तशी मर्यादा आणली. तेव्हा बाई, तुमची शंका बरोबर होती आणि आमचे उत्तर चुकीचे होते.

मात्र भीतीही नेमक्या ठिकाणी असावी. डाख देताना जो धूर दिसतो तो शिशाचा नव्हे. शिशाची वाफ व्हावयास 1700 अंशांहून अधिक उष्णता लागते. आपले आयर्न त्याच्या पाव वाटेवरही पोचत नाही. तो धूर राळेचा. तोही निरुपद्रवी नाही. वर्षानुवर्षे तो छातीत घेणाऱ्या कामगारांना दमा जडल्याचे सिद्ध झालेले आहे, आणि ज्या मुलाला आधीच दमा आहे त्याला तर त्याच्या आसपासही बसवू नये. शिसे जाते ते हातावाटे तोंडात. तार बोटांत धरली, तेच बोट भज्याला लावले, की झाले. आमच्या वर्गात काय चाले? त्याच टेबलावर, पाट्या बाजूला सारून, चहा आणि भजी! आम्हीच ती मागवीत होतो. त्याशिवाय दोन्ही हातांत आयर्न व पाटी असली की तार दातांत धरावयाची ही जुन्या कारागिरांची खोड; आमच्यातही होती, आणि मुले आमचेच पाहून तसे करू लागली होती. हे सांगताना संकोच वाटतो, पण सांगितलेले बरे.

यावर मंडळात बराच खल झाला. आमचे पहिले मत असे होते की शिशाचीच तार ठेवावी आणि हात धुण्याची शिस्त लावावी, कारण नवशिक्याचा सांधा तिच्याने लवकर जमतो. शिसेविरहित तार अवघड असते. तिच्यात 99.3 भाग कथील व बाकी तांबे. वितळबिंदू 227 अंश, म्हणजे 44 अंश अधिक. ती तितकी सहज पसरत नाही, सांधा चांगला झाला तरी मंद दिसतो, त्यामुळे चांगला-वाईट ओळखावयास डोळा तयार व्हावा लागतो. चांदी मिसळलेली तार थोडी अलीकडे वितळते, पण तिची किंमत ऐकून आम्ही रीळ परत ठेवले. एका विश्वस्तांनी आम्हाला एवढेच विचारले, "शिस्त किती दिवस टिकेल? तुम्ही नसाल त्या रविवारी काय?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मुलांच्या टेबलावर शिसेविरहित तारच राहील असे ठरले. तापमान सांभाळणारी आयर्न असल्यामुळे ते शक्य झाले. टोक 360-370 अंशांवर ठेवले की ही तार व्यवस्थित चालते. साध्या आयर्नावर आम्ही हा हट्ट धरला नसता. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर यांच्या दुरुस्तीसाठी एक वेगळे टेबल आहे. त्या यंत्रांत मुळातच शिशाचा डाख आहे, तेव्हा तेथे 60-40 ची तार, वेगळे आयर्न व वेगळा स्पंज, आणि मोठ्या मुलांनीच तेथे बसावयाचे. दोन्ही टेबलांचे सामान एकमेकांत मिसळावयाचे नाही. शिशाच्या टेबलावरील टाकाऊ थेंब व पुसलेला किस झाकणाच्या डब्यात साठवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावयाचा. विहिरीच्या काठी किंवा कुळागरात झाडून टाकावयाचा नाही.

हात साबणाने धुण्याचा नियम दोन्ही टेबलांना सारखाच. चहा आता ओसरीवर मिळतो.

धुरासाठी आम्ही काही महागडे यंत्र घेतले नाही. खिडकीत एक लहान पंखा उलटा, म्हणजे हवा बाहेर फेकणारा, बसविला आहे. पंखा तोंडावरून धुराला मागे ओढणारा असावा. सांध्यावर वारा घालणारा असला तर सांधा थंड पडतो आणि आयर्नाला नावे ठेवली जातात. शिवाय मुले पाटीवर नाक टेकवून बसतात, तेव्हा टेबल जरा उंच करून घेतले. चष्मे सहा घेतले. तारेचे टोक कापताना तुकडा गोळीसारखा उडतो, तेव्हा डोळ्यांच्या बाबतीत काटकसर नाही.

बाकीचे सामान थोडक्यात. जड बुडाचा स्टँड हवा; हलका स्टँड आयर्नासकट खाली येतो. डाख ओढून घेणारा पंप एक आणि तांब्याची विणलेली वात एक, कारण चुका होणारच, आणि चूक काढता येते हे कळले की मूल भीत नाही. एक तार-कातरी, एक चिमटा, एक साधा मल्टिमीटर. साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल. पण ते भडकणारे आहे, म्हणून तापल्या आयर्नापासून लांब, झाकण लावून. काम पुरे झालेल्या पाटीवर पावसाळ्यापूर्वी पारदर्शक वार्निशाचा हात द्यावा. आपल्या हवेत हे आम्हाला फार उपयोगी पडले आहे. भिंगाचा दिवा मुलांना लागत नाही. आमच्यासाठी मात्र घ्यावा लागला.

खरेदी कोठे करावी? मुंबईला जाणे झाले तर लॅमिंग्टन रोड आहेच. त्याला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण टॅक्सीवाल्याला जुनेच नाव कळते. तेथे वस्तू हातात घेऊन, प्लगात लावून पाहता येते. टोक तापवून त्यावर तार टेकवा. डाख टोकाला चहूबाजूंनी सारखा चढला तर घ्या. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलात तर आसपासच्या दुकानांत साधे आयर्न व तार मिळते. हल्ली मुले घरबसल्या मागवितात. तसे मागविताना सुटे टोक वेगळे मिळते का हे अगोदर पाहावे. टोक न मिळणारे आयर्न म्हणजे वात न मिळणारी समई.

सांधा कसा द्यावा हे भाषणात शिकता येत नाही, तरी एक वाक्य सांगून ठेवतो, कारण घरी पालकांनी मुलाला पाहताना ते उपयोगी पडेल. टोकावर डाख वितळवून तो कामावर नेऊन टाकू नये. टोकाने पाटी व तार दोन्ही एकाच वेळी तापवावीत आणि डाखाची तार दुसऱ्या बाजूने कामाला लावावी. काम तापले असेल तर ते स्वतःच डाख ओढून घेते. सगळे मिळून दोन-तीन सेकंद. त्याहून अधिक लागत असेल तर थांबावे, टोक पुसावे, पुन्हा सुरू करावे. डाख थिजेपर्यंत हलवू नये, फुंकर तर मुळीच घालू नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आज वस्तू बिघडली की फेकून नवी आणतात. याला आमचे उत्तर असे की 2021 पासून आपल्या सरकारच्या 'केअर्स' योजनेने गोव्यातील शाळांत संगणकाची आज्ञावली व यंत्रमानव आले आहेत. शेजारी तुयें येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी सरकारने जागा राखून औद्योगिक वसाहत आखली आहे. तेथे आपल्या मुलांना काम मिळेलच असे आम्ही सांगत नाही. तसे सांगणारे पुष्कळ आहेत. पण शाळेत मूल पडद्यावर आज्ञा लिहिते आणि घरी चतुर्थीला माटोळीतील दिव्यांची माळ बंद पडली की म्हापशाला धावावे लागते, हे बरे दिसत नाही. गेल्या चतुर्थीला वर्गातील मुलांनी वाड्यावरच्या अकरा माळा दुरुस्त केल्या. त्यांपैकी चार त्या मुलीने केल्या, जिला आपल्या हाताला हे जमणार नाही असे वाटले होते.

नवे सामान मागच्या खोलीत मांडून ठेवले आहे. सभा संपल्यावर पालकांनी अवश्य पाहावे, हवे तर एखादा सांधा स्वतः देऊन पाहावा; मुले मदतीला उभी आहेत. सुती कपडे घातलेल्यांनीच आयर्नाजवळ बसावे, आणि पदर व मोकळे केस आवरून घ्यावेत. पुढील रविवारी येताना प्रत्येकाने घरातील एक बंद पडलेली वस्तू आणावी. टीव्हीचा रिमोट, विजेरी, छोटा रेडिओ, काहीही चालेल. विजेवर चालणारी मोठी यंत्रे मात्र आणू नयेत. वर्ग सकाळी नऊ वाजता सुरू होईल, हात धुण्यासाठी नळाजवळ साबण ठेवलेला असेल, आणि चहा ओसरीवर.